खोकल्याने घेतलेला सूड

मित्रांनो, मी एक जुनं पेट्रोल इंजिन आहे. शिडाच्या होडीच्या पोटात, पायऱ्यांखालच्या अंधाऱ्या खणात माझं आयुष्य गेलं. वारा असला की शिडाचं कौतुक. वारा पडला की माझी आठवण.

माझा पहिला मालक मला जपायचा. आधी खणाचं झाकण उघडून नाक आत घालायचा. पेट्रोलची वाफ होडीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीत सगळ्यांना घेऊन जाते, हे त्याला माहीत होतं. म्हणून तो आधी पंखा लावून ती बाहेर काढायचा आणि मगच चावी फिरवायचा. त्याची लहानगी लेक मला 'खोकल्या' म्हणायची, कारण थंडीत मी खोकतच सुरू व्हायचो.

पुढे म्हाताऱ्याचे गुडघे गेले आणि होडी जावयाच्या हातात आली. त्याने पहिलं काम काय केलं? माझ्या पंख्याची तार तोडून गाण्याच्या डब्याला जोडली. तेल बदललं नाही. पेट्रोलची नळी कुजून ठिबकू लागली, तरी ढुंकून पाहिलं नाही. रुसलो की लाथ. मी डूख धरला. तळाशी वाफ साचू दिली आणि वाट पाहत बसलो. मला त्याला जाळायचं होतं. खोटं कशाला बोलू?

एके दिवशी तो आपल्या साहेबांना फिरवायला घेऊन आला. बायकोही बरोबर होती. तीच ती लेक. त्याने चावीला हात घातला, आणि हिने झाकण उचललं.

"थांबा. वास येतोय."

"तुझं नाक तुझ्या बापावर गेलंय."

"जाऊ दे की. सगळे आधी धक्क्यावर उतरा."

सगळे उतरले. तिने ठिबकणारी नळी चिंधीने आवळली, तळ पुसून काढला, झाकणं सताड उघडी टाकली. मग वाकून हळूच म्हणाली, "खोकल्या, काय हाल केलेत रे तुझे?"

मित्रांनो, तेव्हा माझ्यातली आग विझली. सूड मात्र विझला नाही.

वास गेल्यावर जावई एकटाच परत आत आला आणि चावी फिरवू लागला. मी पेटेना. तो फिरवतच राहिला. मला थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत येतं आणि धुराच्या जोरावर बाहेर पडतं. मी पेटलोच नाही तर धूर नाही, आणि पाणी उलटं माझ्याच पोटात शिरतं.

"पाण्याचा कॉक बंद करा," ती धक्क्यावरून म्हणाली. "हा अडला की बाबा आधी तेच करायचे."

"इंजिन मी चालवतोय की तुझे बाबा?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "होडी तुमचीच आहे ना?"

मी ठरवलं असतं तर एकदा खोकून पेटलो असतो. नाही पेटलो. खारं पाणी घटाघटा प्यालो आणि खाडकन जाम झालो, साहेबांच्या देखत. त्या आवाजाने त्याचा चेहरा जो पडला, त्यासाठी मी आणखी एकदा मरायला तयार आहे.

म्हाताऱ्याने चावी काढून घेतली आणि लेकीला दिली. माझ्या जागी आता दुसरं इंजिन आहे. ती रोज आधी वास घेते, पंखा लावते. जावई धक्क्यावर दोर धरून उभा असतो. मी धक्क्यालगतच्या गॅरेजच्या मागे गंजत पडलोय, पण तिथून ते सगळं मला दिसतं.

म्हणून मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. घरी जा आणि तुम्ही ज्याला लाथ मारता त्या यंत्राचं झाकण उघडून बघा. मी सूड घेऊन मोकळा झालो. त्याचा अजून बाकी असेल.