पट्टा सोड, डॉक्टर!

मित्रांनो, मी एक जुना रबरी हात आहे. दंडापासून बोटांपर्यंत, दंडाच्या वर माणूस नाही. बसवनगुडीतल्या एका कॉलेजात मुलं माझ्यावर सलाइनची सुई लावायला शिकतात. माझ्या नळ्यांत लाल पाणी असतं, आणि कातडीला इतकी भोकं आहेत की चाळणीनं मला भाऊ म्हणावं.

आमच्याकडे नर्सिंगची मुलं डॉक्टरकीच्या मुलांना सुई शिकवतात आणि ती यांना स्टेथोस्कोपनं छाती ऐकायला. निपाणीची शिवलीला पुण्याच्या वेदांतला माझ्यावरच शिकवायची. "स्वल्प थांब की! शीर मिळाली की आधी पट्टा सोड, मग सुई काढ." दंडाला आवळलेला पट्टा तो विसरला की लाल पाणी थेट त्याच्या ॲप्रनवर! वर्ग हसायचा आणि मला मोठा मान वाटायचा.

मग नवा हात आला. गोरापान, गुळगुळीत, शीर सापडली की हिरवा दिवा लावणारा. त्याच्या शिरा मोटारीनं सदा फुगलेल्या, त्यामुळे पट्ट्याची गरजच नाही. सगळे त्याच्याभोवती आणि मी सिंकखाली, फिनेलच्या बाटलीशेजारी. माझा नुसता जळफळाट झाला. त्याची मोटार बिघडावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो.

मोटार काही बिघडली नाही. एके दिवशी मॅडमसमोर शिवलीलानं स्वतःचा हात पुढे केला. वेदांतनं पट्टा बांधला, शीर पहिल्याच फटक्यात मिळाली. गडी इतका खूश झाला की पट्टा तसाच ठेवून त्यानं सुई काढली. रक्त भळकन बाहेर आलं.

"पट्टा सोड, डॉक्टर, पट्टा!" असं ओरडत शेवटी तिनंच तो सोडला. वेदांत पांढराफटक पडला होता.

"नव्या हातानं लाडावून ठेवलंय तुला," ती म्हणाली, आणि हाताला बोळा बांधून झाल्यावर तिनं मला सिंकखालून ओढून काढलं. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. पण तेवढ्यात वेदांतनं तिला विचारलं, "सॉरी गं, खूप दुखलं का?" इतक्या वर्षांत इतक्या सुया सोसल्या, मला कुणी कधी विचारलं? मला तिच्याही हाताचा हेवा वाटला.

आता वेदांत रोज माझ्याकडे येतो. पट्टा बांधतो, सुई लावतो, न विसरता पट्टा सोडतो. काल त्याच्या तोंडून निघून गेलं, "दुखलं का?"

"रबराला काय विचारतोस रे?" शिवलीला हसत सुटली.

"सवय लागू दे की," तो म्हणाला.

मित्रांनो, काम झालं की मला पुसून फळीवर ठेवा, सिंकखाली टाकू नका, एवढंच मागणं आहे. आणि हो, वेदांतनं मला विचारलं तेव्हा नवा हात शेजारच्याच टेबलावर होता. त्याला ते नीट ऐकू गेलं असावं, अशी माझी फार इच्छा आहे.