खुणेआधीची अकरा मिनिटं

ध्वनिमुद्रणाच्या आलेखावर शांतता सपाट रेघेसारखी दिसते. ही रेघ मात्र पूर्ण सपाट नव्हती. चौथ्या सेकंदाला तिच्यात एक बारीक टोक होतं, कपाला चमचा लागल्याचं. पुढे आणखी पाच सेकंदं काहीच नाही; सगळी मिळून नऊ. मग कुलूपवाल्याचा थकलेला आवाज, "बरं. बघतो."

पोलिसांची ध्वनिमुद्रणं कागदावर उतरवण्याचं काम ती बारा वर्षं करत होती. या कुलूपवाल्याकडे एक पोलीस चोर बनून गेला होता, गोदामाच्या तिजोरीची किल्ली करून मागायला. विभागाची पद्धत अशी, की अधिकाऱ्याने लाल खूण केली असेल तिथूनच लिहायचं. खूण बाराव्या मिनिटावर होती. आधीची अकरा मिनिटं तिने ऐकली होती, लिहिली नव्हती. त्यांत कुलूपवाला चार वेळा नाही म्हणाला होता.

कटाच्या आरोपाखाली तो आठ महिने कोठडीत होता. आणि आठ महिने घरात कुणी चहा ढवळला, की तिला ते बारीक टोक दिसायचं.

त्या सकाळी सासूबाईंचा चमचा कपाला लागला आणि तिच्या हातून ताट निसटलं.

"हे तिसरं," सासूबाई म्हणाल्या. त्यांची सगळी हयात वकिलीत गेली होती. "आता एक तर घरातले चमचे लपवून ठेवू, नाहीतर तू मनातलं सांग."

तिने सगळं सांगितलं.

"कटात आणखी कोण होतं?"

"कुणी नाही, आई. तो आणि आमचा माणूस."

"तुमचा माणूस तर सोंग घेऊन बसलेला! त्याला चोरी करायचीच नव्हती. कट म्हणजे निदान दोघांचं खरोखर ठरायला हवं. याचं कुणाशी ठरलं? भिंतीशी?"

"पण तो 'बघतो' म्हणाला ना."

"माळा आवरायचं मीही तुझ्या सासऱ्यांना चाळीस वर्षं 'बघते' म्हणतेय."

तिला हसू आलं आणि लगेच विरलं.

"किल्ली केली त्याने?"

"नाही. दुसऱ्याच दिवशी उचललं त्याला."

"हे बघ, सापळा लावणं चूक नाही. चोरीला निघालेल्याला जरूर पकडावं. पण चारदा नाही म्हणणाऱ्याच्या मागे पाचव्यांदा लागायचं, याला काय म्हणायचं? आणि ते नकार न्यायाधीशांसमोर आलेच नाहीत, तर त्यांनी न्याय कशावर करायचा?"

"मी फक्त पद्धत पाळली."

"मला ते कळतं गं. कोठडीतल्या त्या माणसाला कोण सांगणार?"

चमचा टेबलावर पडला होता, तरी तिला तो वाजताना ऐकू येत होता. कुलूपवाला कोठडीत होता, आणि त्याच्या सुटकेची किल्ली आठ महिने तिच्याचपाशी पडून होती, न लिहिलेल्या त्या अकरा मिनिटांत!

वाचकहो, संशयावरून माणसाला पकडता येतं. गुन्हेगार ठरवायला मात्र त्याचं सगळं बोलणं ऐकावं लागतं, नकारासकट. आणि दुसऱ्याने केलेल्या खुणेपासून सुरुवात करणारा, त्याआधी काय घडलं याच्या जबाबदारीतून सुटत नाही.

बचावाच्या वकिलाचा नंबर तिने केव्हाच वीजबिलामागे लिहून ठेवला होता. ते बिल तिने ड्रॉवरमधून काढलं. नोकरीवर गदा येणार, हे तिला ठाऊक होतं. पलीकडून "हॅलो" आलं. तिने नऊ सेकंदं घेतली.

"कुलूपवाल्याच्या ध्वनिमुद्रणातली पहिली अकरा मिनिटं मी लिहिली नव्हती," ती म्हणाली. "मी साक्ष द्यायला येते."