हिराचा रामराम

गोरेगावच्या एका स्टुडिओत हिरा नावाची सिंहीण होती आणि तिचा रखवालदार दत्ताराम परब याचा तिच्यावर जीव होता. चौपन्न साली दोघांची सर्कस बुडाली तेव्हा तिच्याबरोबर तोही इथे आला. सिंहांच्या कळपात भेटीची एक रीत असते. डोक्याला डोकं घासायचं, एकाचा वास दुसऱ्याला लावायचा. तो वास ज्याला लागला तो घरचा, बाकीच्यांना पंजा. दत्ताराम या रीतीला ‘रामराम’ म्हणे. माणसांत हा रामराम हिरा नऊ वर्षं फक्त त्यालाच करत आली होती.

त्या सोमवारी तिने तो व्हिक्टरला केला. मालाडचा हा दुसरा रखवालदार लागून दीड महिना झाला होता. गजांतून तिने त्याच्या छातीवर कपाळ घासलं, तेही दिग्दर्शकाच्या देखत.

“झकास! उद्या हिरोच्या जागी पिंजऱ्यात हाच जाईल.”

तो शॉट दत्तारामचा ठरला होता. त्याचा नुसता जळफळाट झाला. नऊ वर्षं मांस भरवलं, आजारपणं काढली, आणि ही बया दीड महिन्यात पाघळली!

जेवायला बसल्यावर त्याने व्हिक्टरचा उद्धार सुरू केला, तशी बायको रत्नप्रभा म्हणाली, “तेचो शर्ट फाटलेलो. तुमचो जुनो खाकी दिलंय मी तेका.”

“न धुता?”

“धुतलंय हो! पण तो वास जाता खंय?”

दत्तारामला हायसं वाटलं. म्हणजे रामराम आपल्यालाच होता! त्याने आणखी भात मागून घेतला. मग घास हातातच राहिला. उद्या व्हिक्टरच्या अंगात तो शर्ट नसणार. हिरोचा मखमली अंगरखा असणार.

सकाळी सांगू, असं त्याने ठरवलं. पण सकाळी जो तो व्हिक्टरची पाठ थोपटत होता. कळू दे एकदा, हिरा कुणाची आहे ते, असं म्हणून दत्ताराम गप्प राहिला.

व्हिक्टर आत गेला. हिराने मखमल हुंगली आणि गुरगुरली. दत्तारामने गज घट्ट धरले.

“हिरा गं,” व्हिक्टर हळूच म्हणाला. त्या ओळखीच्या आवाजाला तिने कान टवकारले, दोन पावलं पुढे आली आणि त्याच्या छातीवर डोकं घासलं.

टाळ्या पडल्या. व्हिक्टर घामाने निथळत बाहेर आला.

“दत्ताभाऊ, काल तिने तुमच्या शर्टाला ओळखलं, ठाऊक होतं मला. आज शर्ट नाही, वाट लागली म्हटलं. पण तुम्ही गजाशी उभे दिसलात ना, धीर आला. काही झालं तर दत्ताभाऊ आहेत.”

मागून हिरा आली. नेहमीसारखं तिने गजांना कपाळ लावलं आणि रामरामासाठी थांबली.

दत्तारामला आपलं कपाळ काही पुढे करवेना.