ओटीच्या खणांची पिशवी

शैलाचे लग्न झाले ते १९७२ साल. त्याच माघात माझा जन्म झाला, म्हणून मला वय चोरता येत नाही. मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. पण मला कोणी बिचारी म्हटलेले चालत नाही.

शैलाची आई प्रेमलताबाई कलकत्त्यात डमडमला राहत. त्यांचे यजमान दिगंबरराव लग्नाच्या तीन वर्षे आधी वारले होते. घरात एक पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात ओटीत आलेले खण. हळदीकुंकवाला, बारशाला सवाष्णीच्या ओटीत नारळ-तांदळांबरोबर चोळीचे कापड घालतात, तेच हे. कलकत्त्यात मराठी घरे मोजकी. एकीला मिळालेला खण ती पुढे दुसरीला देई. एक जांभळा खण तर बराकपूरपासून भवानीपूरपर्यंत सगळी घरे फिरून प्रेमलताबाईंकडेच परत आला होता. यजमान गेल्यावर मात्र त्यांच्या ओटीत कोणी काही घालीना. पेटी बंद झाली.

लग्नासाठी दिगंबररावांच्या धाकट्या भगिनी मंदाकिनी नागपूरहून आल्या. त्यांनी पेटी उघडून पाहिली.

"वहिनी, हे खण वर काढा. लग्नाला येणाऱ्या बायकांच्या ओट्या यातच भागतील. तुम्हांला आता काय करायचेत?"

"पिशवी शिवायचीय."

"अगंबाई, खणांची? पिशवीला दादाच्या जुन्या पँटी आहेत की!"

"त्याही घेणार आहे, वन्सं. तळाला."

दुसऱ्या दिवशी सगळे कापड खिडकीपाशी पसरले गेले. प्रेमलताबाई एकेक खण उजेडाला धरत. घडीवर विरलेला असेल तो बाजूला. मग ओले फडके घासून रंग सुटतो का ते पाहत. लाल खणाने फडके लाल केले, तेव्हा त्याला मिठाच्या पाण्यात बुडवले. टेरिलिनचे चकचकीत तुकडे त्यांनी घेतलेच नाहीत. त्यावर सुई घसरते. उरले पांढरे आणि करडे तुकडे. विधवेला हेच शोभतात, असे त्यांना तीन वर्षे ऐकवले गेले होते.

"हे आतून," त्या म्हणाल्या, आणि बाहेरच्या बाजूला जांभळा, हिरवा, लाल असे खण मांडले.

मंदाकिनी धावत आल्या. "वहिनी, कात्री नका हो लावू! कापलेला खण ओटीत चालत नाही."

"म्हणूनच कापतेय."

कात्री चालली. मित्रांनो, तो आवाज मला अजून आवडतो.

लग्नाच्या सकाळी मंदाकिनींनी पुन्हा विषय काढला. "शिवलीत ती शिवलीत. मांडवात तरी मिरवू नका. आणि ओटीच्या वेळी जरा मागेच बसा. पोरीच्या बऱ्यासाठीच सांगते." प्रेमलताबाईंनी नारळ, तांदूळ, हळकुंडे आणि शैलासाठी घेतलेला नवा खण माझ्यात भरला, मला खांद्याला लावले आणि भर मांडवातून पुढे जाऊन बसल्या.

पाठवणीची वेळ झाली. "वहिनी, पिशवी द्या इकडे," मंदाकिनी म्हणाल्या. माझ्या पट्ट्यांवरची पकड घट्ट झाली. लेकीची ओटी आई भरणार की तिने दुरून पाहायचे, एवढाच प्रश्न होता.

"शैला, पदर पसर."

"अहो, काय करताय! अपशकुन..."

"आत्या, तू मागून भर," शैला म्हणाली. "आधी आई."

तिने पदर पसरला होता. नारळ माझ्यातून निघाला तो आईच्या हाताने तिच्या पदरात गेला. आत्याबाईंचा चेहरा आंबला. पण मागून त्यांनीही ओटी भरली.

नंतर मी रोजच्या बाजाराची झाले. बटाटे, वांगी, मोहरीच्या तेलाची बाटली, सगळे वाहिले. भाजीवाला ओरडे, "माशिमा, की शुंदोर ब्याग!" म्हणजे मावशी, काय सुंदर पिशवी! तिथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला प्रेमलताबाई न बोलावता गेल्या, तेव्हा दोघीतिघींनी तोंडे फिरवली. बाकीच्या मात्र माझ्याभोवती जमल्या.

"अय्या, हा जांभळा माझ्या माहेरचा!"

"चल गं, तो तर मी दिलेला."

दोघींचेही खरे होते. कोपऱ्यात बसलेल्या शारदाबाई, त्याही विधवाच, त्यांनी मला उलटी करून शिवण नीट पाहिली. पुढच्या संक्रांतीला त्यांच्या खांद्यावर पिवळीजर्द पिशवी होती.

मला डागही पडले, माझे पट्टेही तुटले. एकदा कोणीतरी सुचवले की आता हिला डांबरगोळ्या घालून जपून ठेवावे. नको! मित्रांनो, पट्टा तुटला तर शिवा, मळला तर धुवा, पण वस्तूला पेटीत कोंडून त्याला जपणे म्हणू नका. आणि हा रंग आता तुमचा नाही, असे कोणी सांगितले, तर ते ठरवले कोणी, हे त्याला तोंडावर विचारा.

प्रेमलताबाई १९७८ च्या आश्विनात, पुराचे पाणी उतरल्यावर, तापाने वारल्या. तेव्हापासून मी शैलाच्या खांद्यावर बाजाराला जाते.