चाळिसावं नाव

मंजुश्रीने मोबाईलवरचा फोटो बोटांनी मोठा केला आणि सिद्धम्मांपुढे धरला. त्यांच्या मांडीवर सूप होतं, सुपात हरभऱ्याचे ओले घाटे. हात पदराला पुसून त्यांनी मोबाईल घेतला, पण डोळ्यांजवळ नेला नाही.

"शाळेचं पहिलं रजिस्टर आहे, आजी. सगळं उर्दूत. औशाच्या एका निवृत्त मास्तरांकडून वाचून घेतलं. शेवटचं नाव, सिद्धराम वल्द गुरुलिंग, म्हणजे गुरुलिंगांचा मुलगा. तुमचे भाऊ ना?"

मंजुश्री चिंचगावच्या जिल्हा परिषद प्रशालेत इतिहास शिकवायची. निजामाच्या काळात मारुतीच्या देवळामागे दोन खोल्यांत भरलेल्या शाळेला ऐंशी वर्षं होत होती. आता सहाशे मुलं होती, गावाने श्रमदानातून बांधलेल्या अकरा खोल्या होत्या, मोठं मैदान होतं. स्मरणिकेसाठी पहिल्या चाळीस विद्यार्थ्यांपैकी एकोणचाळीस जणांची घरं तिने शोधून काढली होती. हे एकच राहिलं होतं.

"मला भाऊ न्हाई," सिद्धम्मा म्हणाल्या. "आमी पाच बहिणीच."

"मग चुलतभाऊ असतील."

सिद्धम्मा उठल्या, अंगणाकडचं दार लोटलं आणि परत येऊन बसल्या.

"चाळीस पोरं असल्याबिगर मंजुरी न्हाई, असा कायदा होता. उद्धव मास्तर घरोघर फिरले. एकोणचाळीस झाले. दुसऱ्या दिवशी साहेब मोजायला येणार. पोरांच्या शाळंत पोरीचं नाव चालत नव्हतं. तरी मास्तर माज्या बापाकडं आले. मी अकरा वर्षांची. केस टोपीत कोंबले अन् मागल्या रांगेत बसवलं. साहेबानं सिद्धराम म्हणलं, मी हाजिर म्हणले."

"कुणीच सांगितलं नाही?"

"न्हाई. समद्यांना शाळा पाहिजे होती."

मंजुश्रीच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

"मंजुरी आली. मला वाटलं, झालं आपलं काम. सकाळी शेण गोळा करायला निघाले, तर मास्तर दारात. म्हणले, सिद्धराम, घंटा झाली. चार वर्षं शिकवलं मला. परकर-पोलक्यातच बसायची मी. साहेब यायचे तवा तेवढी टोपी. चौथीला वर्गात पयली आले."

"सर्टिफिकेट?"

"त्याच नावाचं. दाखवणार कुणाला?"

मंजुश्रीने वही चाळली. 'शाळेतील पहिली मुलगी : १९६२' असं तिच्याच अक्षरात होतं. तिने त्या ओळीवर रेघ मारली.

"आजी, हे छापू या. तुमचा फोटो पहिल्या पानावर."

सिद्धम्मांचा हात घाट्यांतच थांबला. त्यांनी बंद दाराकडे पाहिलं.

"लेकरांना बी सांगितलं न्हाई आजवर," त्या हळू म्हणाल्या. "माजं नाव खोटं निघालं, तर एकोणचाळीसच राहतात. शाळेची मंजुरी काढून घेतील का, बाई?"

मंजुश्रीच्या ओठांवर हसू आलं होतं. त्यांचा चेहरा पाहून ते विरलं.

"नाही, आजी. आता ती कुणालाच काढता येत नाही."

"नक्की?"

"हो, आजी."

सिद्धम्मांनी सूप बाजूला सरकवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"तर मग लिवा. पण मास्तरला नाव ठिवू नका. लई चांगला माणूस."

"नाही ठेवणार. तुमचं पूर्ण नाव सांगा. आजोबांचं नाव काय होतं?"

"मालकाचं नको. शाळंत बापाचं होतं. सिद्धम्मा गुरुलिंग."

मंजुश्री लिहू लागली. कागद तिला नीट दिसत नव्हता. सिद्धम्मा वाकून पाहत होत्या, एकेक अक्षर ओठांत जुळवत.

"बाई," त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "'म'ला 'म' जोडायचा राहिला."