तोट्याच्या रकान्यात लाँड्री

गल्लीच्या टोकाला लोखंड ओतायचा कारखाना होता. त्याची चिमणी दिवसभर काजळी ओकायची आणि सकाळी घातलेला पांढरा शर्ट दुपारपर्यंत राखाडी व्हायचा. अख्खी गल्ली शिव्या घालायची. लाँड्रीवाल्या वहिनी तेवढ्या मूग गिळून बसायच्या. खोटं कशाला बोला, त्या काजळीवरच त्यांची दोन मशिनं धडधडत होती.

पण दुकानात इस्त्री करणाऱ्या थोरल्या नणंदबाईंचा दमाही त्याच काजळीनं पोसला होता. पाच शब्दांच्या वाक्यात त्या दोनदा थांबायच्या. वहिनींना ते ऐकवत नसे.

चिमणीला गाळणी बसवायची की नाही, हे ठरवायला नगरपालिकेचा इंजिनियर आला. शाळेच्या वर्गात सभा भरली. त्यानं फळ्यावर फायद्याचा आणि तोट्याचा असे दोन रकाने आखले. दमा थांबेल, खोकला जाईल, पोरांची शाळा बुडायची नाही, फायद्याचा रकाना भराभर भरला. "तोटा कुणाचा?" म्हटल्यावर कारखान्याच्या मालकांनी हात वर केला आणि खर्चानं आपलं कंबरडं कसं मोडेल ते पाव तास सांगितलं. मग वहिनींनी हात वर केला.

"माझाही लिहा. धूर गेला तर निम्मे कपडे मळायचेच नाहीत."

वर्गात हशा पिकला. इंजिनियरनं तोट्याखाली 'लाँड्री' लिहिलं. "म्हणजे तुमचा विरोध?"

"विरोध कुणी केला? तोटा आहे तो आहे. आता समोर आमच्या ताईंचा श्वास लिहा, आणि बसवा ती गाळणी."

"श्वासाचा आकडा किती धरू?"

"ते तुम्ही बघा, शिकलेले तुम्ही. मी एक मशीन बंद ठेवायची तयारी करून आलेय."

मालकांनी मान खाली घातली. लाँड्रीवाली स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत असताना कंबरड्याचं गाऱ्हाणं पुढे रेटायचं कसं? गाळणी बसली.

काम खरंच निम्म्यावर आलं. वहिनी महिनोन् महिने धुसफुसल्या, "बरी अवदसा आठवली मला!"

एका दुपारी पाहतात तर इस्त्रीच्या टेबलापाशी नणंदबाई नाहीत, औषधाचा पंप तिथेच पडलेला. धावत तीन जिने चढून त्या गच्चीवर पोचल्या. नणंदबाई चादरी वाळत घालत होत्या.

"ताई, तुम्ही..." वहिनींना पुढे बोलवेना.

"अगं वहिनी, तुलाच धाप लागली की! बस त्या बादलीवर, आणि आजपासून गच्चीचं काम माझं, तू मध्ये लुडबुडायचं नाहीस, कळलं?"

मध्ये कुठेही न थांबता. वहिनींना इतका आनंद झाला, की उलट उत्तर द्यायचंच राहून गेलं.