खोडलेली ओळ

"तुमचं पान लई कामाला आलं, भीमराजभाऊ. आभारी हाय."

शुक्रवारी सकाळी आठ वाजता उद्धवरावांचा हा निरोप मोबाइलवर आला आणि त्याच्याखाली एक फोटो. भीमराज सोनकांबळेची दाढी अर्धी झाली होती. उरलेल्या गालावर फेस तसाच ठेवून त्याने फोटो बोटांनी ताणून मोठा केला.

फोटोत त्यानेच लिहिलेल्या वेबपानाची छापील प्रत होती. वर ठळक अक्षरांत 'हवेचा प्रेस अडकला तर', खाली चार ओळी. तिसऱ्या ओळीखाली कुणीतरी लाल पेनाने दोनदा रेघ मारली होती. 'पाइपात उरलेली हवा सोडा. दाबाचा काटा शून्यावर आल्याशिवाय हात घालू नका.'

आभार मानल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. भीमराजला ते वाटलं नाही, कारण ही ओळ बुधवारी पानावर नव्हती. ती त्याने काल, गुरुवारी सकाळी टाकली होती.

एकतीस वर्षं भोसरीच्या कंपन्यांत मेंटेनन्स फिटर म्हणून घासल्यावर भीमराज निवृत्त झाला आणि दिघीच्या घरात आठ दिवस स्वस्थ बसला. नवव्या दिवशी त्याने शेजाऱ्याची पाण्याची मोटार विनाकारण उघडली. मग घरच्यांनीच त्याला बाहेर काढलं म्हणायचं. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या छोट्या वर्कशॉपमध्ये तो मशीन दुरुस्त करत हिंडू लागला. फोनवर रोज तेच ते प्रश्न यायचे, म्हणून त्याने उत्तरं लिहून ठेवायची ठरवली. मुलगी साक्षी वाकडच्या एका कंपनीत वेबसाइटी बनवते. तिने बापाला इंटरनेटवर फुकट मिळणारी, कुणीही वापरावी अशी ओपन सोर्स साधनं दाखवली आणि वर चार नियम घालून दिले. पांढऱ्यावर काळी, मोठी अक्षरं. चित्रबित्र काही नाही, पत्र्याच्या शेडमधल्या मरतुकड्या नेटवरही पान उघडलं पाहिजे. डोळ्यांनी दिसत नसेल त्याला फोनने ते वाचून दाखवता आलं पाहिजे. आणि एका ओळीत एकच काम. भीमराजने कामगारांच्या बोलीत चाळीस मशीनची चाळीस पानं लिहिली. प्रत्येक मशीनवर चौकोनी ठिपक्यांचा स्टिकर चिकटवला, की फोन धरला म्हणजे पान समोर. त्याचं इतकं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं आणि खोटं कशाला बोला, ते त्याला चढलंही होतं.

बुधवारी दुसऱ्या पाळीत चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये हवेवर चालणारा प्रेस अडकला. त्यावर काम करणाऱ्या विजयश्रीने स्टिकरवर फोन धरला, पान वाचलं, लाल बटण दाबलं, हवेचा कॉक बंद केला आणि अडकलेला तुकडा काढायला हात घातला. पाइपात उरलेल्या हवेने प्रेस खाली आला. उजव्या हाताची दोन बोटं चेचली. गुरुवारी कारखान्यांची सुट्टी, म्हणून तिथले मॅनेजर उद्धवराव यांनी घरूनच फोन करून भीमराजला हे कळवलं. भीमराजने पान उघडलं, आणि आपण काय करून बसलो ते त्याला दिसलं. आणखी कुणाचा हात जायला नको, एवढ्याच विचाराने त्याने ती ओळ तिथल्या तिथे परत लिहिली. रात्री त्याला झोप लागली नाही, पण निदान पान बरोबर झालं, असं तो मनाशी घोकत राहिला.

आता त्याने उद्धवरावांना फोन लावला.

"उद्धवराव, तो फोटो कशासाठी पाठवला?"

"कशासाठी म्हंजे? ती पोरगी म्हणती, हवा सोडा असं पानावर लिवलंच न्हवतं. आज सकाळी छापूनच काढलं. म्हनलं, ही बघ तिसरी ओळ. तुला वाचाया येत न्हाई त्याला आमी काय करनार?"

"मग?"

"मग काय. अकरा वाजता जबाब घेतोय. चूक तिची हाय हे लिवून घेतलं की घरी पाठवायची. मालकांचं बी तेच म्हननं हाय."

भीमराज काहीतरी पुटपुटला आणि फोन ठेवून दिला. मग स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून दारापर्यंत आणि दारातून परत, अशा त्याच्या चकरा सुरू झाल्या. साक्षी त्या दिवशी घरूनच काम करत होती. तिने कानावरचा हेडफोन काढला.

"पप्पा, अर्धी दाढी घेऊन घरभर काय फिरताय?"

त्याने तिच्यापुढे फोन धरला आणि सगळं सांगितलं. साक्षीने लॅपटॉपवर त्या पानाचा इतिहास उघडला. ही साधनं काही विसरत नाहीत. कोणी, कधी, काय बदललं, ते सगळं तारीखवार जपून ठेवतात. वाचणाऱ्याला समोर फक्त आजचं पान दिसतं, पण मागे जाऊन पाहणाऱ्याला सगळं दिसतं. चौदा जानेवारी, संक्रांतीची दुपार. तीच ओळ लाल पट्ट्यात, आधी वजाबाकीची खूण, म्हणजे ओळ काढलेली, शेजारी भीमराजचं नाव. प्रत्येक बदलाचं कारण लिहायचं, हेही साक्षीनेच शिकवलं होतं. कारण भीमराजच्या शब्दांत होतं. 'पान लांब होत होतं. हे सगळ्यांनाच माहीत असतं.'

दोघांनी ते वाचलं.

"मीच म्हणाले होते तुम्हाला," साक्षी हळूच म्हणाली, "की सगळं एका स्क्रीनवर बसवा. तेलकट बोटाने कोण पान सरकवत बसणार."

"कमी कर म्हणालीस. हेच काढ म्हणाली नव्हतीस."

आणि ते खरं होतं. एकतीस वर्षं त्याचा उजवा हात कॉक बंद करायचा तेव्हा डावा हात आपोआप उरलेली हवा सोडायचा. हातांना ते इतकं पाठ झालं होतं की ती एक वेगळी पायरी आहे, हेच तो विसरून गेला होता. हात कधी विसरले नाहीत. लिहिणारा विसरला.

तो खुर्चीत बसला, उठला, परत बसला.

"साक्षी, हे मागचं पुसता येतं का?"

तिने बापाकडे पाहिलं. "येतं. दोन मिनिटांचं काम आहे. ओळ कधी काढलीच नव्हती, असं दिसेल." थोडं थांबून ती म्हणाली, "पुसू?"

भीमराजने फोन टेबलावर पालथा ठेवला. मग भलतंच बोलला.

"भोसरीला आमच्यात एक ज्योतीराम होता. पॉवर प्रेसवर. तू तेव्हा पाळण्यात होतीस. शिफ्टच्या रजिस्टरात मी लिहिलेलं, हात वाचवणारा गार्ड सैल आहे, बदला. तीन दिवस कुणी बदलला नाही. चौथ्या दिवशी त्याचा पंजा गेला. सुपरवायझरने मला बोलवलं. ते पान फाडलं आणि म्हणाला, तुझं अक्षर चांगलं आहे, नवीन लिही. गार्ड ठीक, असं लिही."

"मग?"

"लिहिलं मी. आपोआप लिहिल्यासारखं. ज्योतीरामने गार्ड स्वतः काढला, असं ठरलं. तो गेला गावाला."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"सांगण्यासारखं काय होतं त्यात?"

साक्षीने लॅपटॉप मिटला नाही आणि काही पुसलंही नाही. तिने तो इतिहास बापाच्या फोनवर उघडून दिला. "दाढी तरी पुरी करून जा," एवढंच म्हणाली.

मोशीच्या पुढे नेहमीसारखे कंटेनर एकामागे एक अडकले होते. भीमराज स्कूटर फटीफटीतून काढत होता, शिव्या खात होता आणि दर सिग्नलला घड्याळ पाहत होता. आपण वळून घरी जावं, असं त्याला वाटेत निदान चार वेळा वाटलं. चाकणच्या पाच वर्कशॉपचं काम त्याला उद्धवरावांच्याच शब्दावर मिळालं होतं. हे एकदा बाहेर पडलं की फिटर म्हणून त्याला दारात कोण उभं करणार? पान बरोबर आहे, पोरीला दुसरीकडे काम मिळेल, असंही त्याने स्वतःला सांगून पाहिलं. ते पटलं नाही, म्हणून तो स्कूटर आणखी जोरात हाणू लागला.

अकराला दहा कमी असताना तो ऑफिसात शिरला. उद्धवराव टेबलामागे होते. समोरच्या स्टुलावर विजयश्री, पंचविशीची, हाताला कोपरापर्यंत पट्टी. टेबलावर टाइप केलेला जबाब आणि त्याच्या बाजूला शाईचा पॅड उघडा ठेवलेला.

"या भाऊ, बेस झालं आलात," उद्धवराव म्हणाले. "तुमीच सांगा हिला. उजवा हात चालत न्हाई, तर डावा अंगठा लाव म्हनतोय, तर बसलीय आपली."

"मला सही येतीय," विजयश्री खाली बघत म्हणाली. "सातवी झालीय माझी. पण काका, मलाच आता कळंना. मी वाचले होते तवा ही ओळ नव्हती. समदे म्हणायलेत होती म्हणून. आज सकाळपासून मी कायबी वाचायलेय, दुकानाची पाटी, औषधाची चिठ्ठी. बरोबर वाचायलेय का नाही, तेच कळंना."

उभ्यानेच भीमराजने फोन तिच्यापुढे टेबलावर ठेवला.

"हे वाच. मोठ्याने वाच."

तिने डाव्या हाताचं बोट स्क्रीनवर ठेवलं आणि अडखळत, पण एकही अक्षर न सोडता वाचलं. लाल पट्ट्यातली ओळ वाचली. तारीख वाचली. काढणाऱ्याचं नाव वाचलं आणि मान वर करून भीमराजकडे पाहिलं. मग त्याखालचं कारण वाचलं. "हे सगळ्यांनाच माहीत असतं."



"मला नव्हतं माहीत, काका," ती म्हणाली.

"तुला माहीत असायचं कारणच नव्हतं. तुला कुणी शिकवलं नाही आणि मी लिहिलं होतं ते पुसलं. बुधवारी ही ओळ नव्हती. काल सकाळी मी परत टाकली, ते पण खाली आहे, वेळेसकट. तू बरोबर वाचलंस, पोरी."

उद्धवरावांनी चष्मा चढवून फोन जवळ घेतला. "हे समद्यांना दिसतं?"

"जगात कुणालाही."

"म्हंजे सरकारी तपासणीवाल्याला बी."

"त्याला पण."

उद्धवरावांनी फोन खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता, फक्त नोकरी टिकवून होता. शेवटी त्यांनी टाइप केलेला जबाब उलटा करून ठेवला आणि ड्रॉवरमधून कोरा कागद काढला.

"लिवून द्या मग. तुमच्या नावानं, तुमच्या सहीनं."

"त्यासाठीच आलोय."

"आन् भाऊ, जाताना स्टिकर काढून न्या. म्या मालकांना काय सांगू? हितून पुढं बोलावनं जमायचं न्हाई."

"कळलं मला."

भीमराज लिहायला बसला. काय काढलं, कधी काढलं, का काढलं आणि कुणाची चूक, एका ओळीत एकेक गोष्ट. तो सावकाश लिहीत होता. खाली सही करून त्याने कागद उद्धवरावांकडे सरकवला. उद्धवरावांनी वाचला आणि सवयीने पॅड विजयश्रीपुढे केला.

तिने तो बाजूला सारला.

"पेन द्या," ती म्हणाली. "माझं मी लिहिते."

तिने डाव्या हातात पेन धरलं. अक्षरं कागदावर घसरत होती, रेघा वर जायच्या त्या खाली येत होत्या. 'मी पानावर वाचले तसेच केले' एवढं लिहायला तिला बराच वेळ लागला. बाहेर जेवणाच्या सुट्टीची घंटा होऊन गेली तरी उद्धवराव जागचे उठले नाहीत. खाली तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. मग कागद फिरवून भीमराजपुढे केला.

"वाचता येतंय का, काका?"

भीमराजने कागद हातात घेतला.

"येतंय," तो म्हणाला.